अंथरूण आखूड होत चालले आहे

पौषातले ऊन कलले म्हणजे भिवंडीच्या चाळींतून एक दृश्य अद्यापही पाहावयास मिळते. ओट्यावर एखादी प्रौढ स्त्री पाय पसरून बसलेली असते. मांडीवर वाकळेचा पसारा, दातांत दोऱ्याचे टोक आणि हातात लांब सुई. पाठीमागच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांचा खडखडाट अखंड चाललेला असतो आणि त्या आवाजाच्या तालावरच जणू तिचा धावदोरा पुढे सरकत असतो. पाहणाऱ्याला वाटावे, वाकळ शिवण्यास याहून योग्य गाव दुसरे कोणते असणार? देशातील एकूण यंत्रमागांपैकी सुमारे एक तृतीयांश याच परिसरात असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जात आले आहे. या गावाला लोक कौतुकाने 'भारताचे मँचेस्टर' म्हणतात. इथल्या वाऱ्यातसुद्धा सुताची कुसपटे उडत असतात. असे असता वाकळ शिवणाऱ्या बाईची तक्रार ऐकली म्हणजे माणूस बुचकळ्यात पडतो.

आमच्या शेजारच्या चाळीत अशा एक मावशी आहेत. मूळच्या सोलापूरकडच्या. यजमान माग चालवीत आणि त्या स्वतः कांड्या भरावयास जात. आता हात चालतात तोवर वाकळा शिवून चार पैसे मिळवितात. त्यांना सहज म्हटले, "मावशी, तुम्हांला काय, कापडाच्या राशीवरच बसला आहात!" त्यांनी सुई वाकळेत खोवली आणि म्हणाल्या, "मास्तर, राशीवर बसलोय खरं, पण वाकळंच्या पोटात घालायला सुती धडुतं मिळंना झालंय. दोरा महाग, सुई महाग, आणि जुनं लुगडं तर आता बघायलाही मिळत नाही."

'जुने लुगडे मिळत नाही', हे वाक्य प्रस्तुत लेखकाच्या मनात घर करून राहिले. महागाईचा विचार करताना आपण तांदूळ, डाळ, तेल, गॅस, घरभाडे आणि मुलांची फी यांचा हिशेब मांडतो. जी वस्तू कधी विकत घ्यावी लागत नव्हती, ती विकत घेण्याची पाळी यावी, ही महागाईची एक वेगळीच तऱ्हा आहे आणि ती कोणत्याही भावफलकावर दिसत नाही.

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, लहान मुलाचे असेल तर दुपटे म्हणा, ही वस्तू बाजारातून आणावयाची नव्हतीच. ती घराच्या आतून निर्माण होत असे. एका लुगड्याचा जीवनक्रम आठवून पाहा. सणासुदीला घेतलेले नवे नऊवारी प्रथम मिरवावयाचे. मग ते रोजच्या वापरात यावयाचे. मध्यभागी विरले म्हणजे विरलेला भाग काढून टाकून दोन धड तुकडे जोडावयाचे. याला दांड घालणे म्हणत, आणि दांड घातलेले लुगडे नेसण्यात कोणा घरंदाज बाईला कमीपणा वाटत नसे. दांडही टिकेनासा झाला की त्यातून बाळाची दुपटी निघत, कुंची निघे आणि चौघड्या निघत. उरलेले सारे बोचक्यात बांधून माळ्यावर जाई. पावसाळा संपला, भात कापणी झाली आणि हाताला उसंत मिळाली म्हणजे ते बोचके खाली येई. घरातील बायका आणि शेजारणी जमिनीवर कापड अंथरून चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, तांब्या ठेवून ते ताणीत. आत सदऱ्यांची आणि धोतरांची उसवलेली पाने पसरीत आणि मोठे टाके घालून सारे थर जखडून टाकीत. नंतर कडेपासून आत आत येणारा धावदोरा सुरू होई. खर्च काय, तर दोरा आणि सुई. बाकी भांडवल म्हणजे जुनेपण. कापूस जितका धुतला जाईल तितका मऊ होतो आणि शरीराला ओळखू लागतो. म्हणूनच नव्या कापडाच्या गोधडीला जुन्या कापडाच्या गोधडीची ऊब येत नाही.

ही एक प्रकारची कापडाची बचत बँक होती. त्या बँकेच्या दारातच एक प्रतिस्पर्धी उभी असे, ती म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि काखेत कपड्यांचे गाठोडे घेऊन ती दुपारच्या वेळी येई आणि चार जुन्या साड्या, दोन पँटी यांच्या मोबदल्यात स्टीलचा डबा देऊ करी. त्या घासाघिशीचे वर्णन मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या वाचकाला करून सांगण्याची गरज नाही. 'आणखी एक सदरा घाला, मग ही परात देते', हे तिचे ठरलेले वाक्य. स्टीलच्या मोहाने कित्येक घरांतील वाकळा जन्मापूर्वीच दारातून बाहेर गेल्या. तो डबा अजून फळीवर आहे, आणि कपडे जुन्या कपड्यांच्या बाजारात गेले. त्यांतले काही दुसऱ्याच्या अंगावर चढले, काहींची चिंधी झाली. देशोदेशीच्या जुन्या लोकरी कपड्यांचा पिंजून पुन्हा धागा काढणारे पानिपत शहर आज या उद्योगाचे मोठे केंद्र आहे. तिथली स्वस्त ब्लँकेटे आपल्या रस्त्यारस्त्यांवर हिवाळ्यात विकली जातात आणि आपण ती घेतो. व्यवहार असा फिरून आपल्याच दारी येतो.

पण बोहारणीवर सारे खापर फोडणे अन्यायाचे होईल. खरा बदल वस्त्रातच झाला. येथे थोडे गणित मांडतो, वाचकांनी कंटाळू नये. नऊवारी म्हणजे नऊ वार, अर्थात सत्तावीस फूट लांबी. तिचे चार समान तुकडे केले तर प्रत्येक तुकडा पावणेसात फुटांचा होतो. दोन तुकडे शेजारी जोडून एक बाजू झाली आणि उरलेले दोन जोडून दुसरी. एका जुन्या लुगड्यात दोन माणसांच्या गोधडीची दोन्ही पृष्ठे बिनबोभाट निघत. चांगला उंच माणूससुद्धा त्याखाली पाय पसरून झोपे. आता सहावारी घ्या. अठरा फुटांचे चार भाग केले तर प्रत्येक साडेचार फुटांचा. त्या गोधडीखाली शाळकरी पोर मावेल, पोराच्या बापाचे पाय बाहेर राहतील. मग दोन साड्या हव्यात. त्याही सुती हव्यात, आणि नेमकी तीच अडचण आहे. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हा उपदेश आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना करीत आलो, परंतु अंथरूणच आखूड होत गेले तर पायांनी काय करावे, याचे उत्तर त्या म्हणीत नाही.

सुती लुगडे गेले आणि त्या जागी कृत्रिम धाग्याची साडी आली. ती लवकर वाळते, चुरगळत नाही, रंग सोडीत नाही आणि स्वस्तही पडते. सकाळी सहाच्या लोकलसाठी धावणाऱ्या स्त्रीने ती का नेसू नये? तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र ही साडी जुनी होत नाही, नुसती खराब होते. ती मऊ पडत नाही, घाम टिपीत नाही आणि वाकळेत घातली तर थर एकमेकांवरून घसरतात. "सुई शिरती, पण दोरा धरून राहत नाही," असे मावशी सांगतात. त्यांच्याकडे लोक गाठोडी घेऊन येतात, त्यांतले निम्मे कापड त्या बाजूला काढून ठेवतात. पुरुषांच्या टेरिकॉटच्या पँटी, मुलांचे गणवेश, पडद्यांचे तुकडे. गाठोडे मोठे दिसते, वाकळ मात्र निघत नाही.

आता कोणी विचारील की भिवंडीत एवढे माग चालतात, मग मावशींना तिथलेच सुती कापड का मिळू नये? याचे उत्तर या गावाच्या इतिहासात आहे. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर यांनी हे गाव विणीच्या धंद्यावर उभे केले. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरण्यांची धुराडी थंडावली तेव्हा जे विणकाम परळ-लालबागेतून सुटले त्याचा बराच वाटा भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन पोहोचला. मुंबईच्या गिरणीत कामगाराला जे संरक्षण होते ते मात्र त्याबरोबर आले नाही. असो. मुद्दा असा की येथील माग बहुधा मजुरीवर चालतात. व्यापारी सूत देतो, मागवाला कापड विणून देतो आणि कोरा माल गावाबाहेर जातो. त्यातला मोठा भाग राजस्थानात बालोतरा-पालीकडे किंवा गुजरातमध्ये सुरत-अहमदाबादकडे रंगाई-छपाईसाठी जातो. विणणाऱ्याच्या हातून कापड जाते, पण त्याच्या घरात ते येते ते बाजारातून, बाजारभावाने. वाळवंटात उंट पाणी वाहून नेतो, तशातलाच हा प्रकार म्हणावयाचा.

राहता राहिल्या मागाखालच्या चिंध्या, म्हणजे काठाच्या कातरणी आणि ताक्याच्या टोकाला विणीत दोष राहिल्याने कापून काढलेले तुकडे. पूर्वी हे सारे ओळखीच्या बायकांना फुकट किंवा चहापाण्याच्या पैशांत मिळत असे. आता चिंधीलासुद्धा भाव आहे. ती किलोवर विकली जाते. कारखान्यांत यंत्रे पुसावयास, गाद्या-उशांत भरावयास आणि पुन्हा धागा काढावयास तिला गिऱ्हाईक आहे, आणि ते गिऱ्हाईक टेम्पो घेऊन येते. मावशी पिशवी घेऊन जातात. शेडवाल्याने टेम्पोवाल्याला सोडून पिशवीवालीकडे का पाहावे? द्रौपदीने कृष्णाच्या बोटाला बांधली ती चिंधी भरजरी वस्त्राची होती, तरी तिचे मोल भावाचे होते. येथे 'भाव' या शब्दाचा दुसराच अर्थ रूढ झाला आहे.

सुताच्या किमतीविषयी बोलावयाचे तर २०२२ सालचा मे महिना आठवावा. सरकीविरहित कापसाची खंडी, म्हणजे ३५६ किलो, एक लाख रुपयांच्या वर गेली होती. किलोला २८० रुपयांहून अधिक भाव झाला. त्याआधीच, १४ एप्रिल २०२२ पासून, केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले होते, तरी तत्काळ उतार पडला नाही. सुताचा भाव आठवड्याला बदलू लागला की मागवाल्याची स्थिती कशी होते हे भिवंडीकराला सांगावयास नको. महाग सुताचे कापड विणून होईतो सूत उतरते आणि कापड पडून राहते. त्यात विजेचे बिल. २००७ च्या जानेवारीपासून येथील वीजवितरण खाजगी कंपनीकडे आहे आणि त्याविषयीचे वाद या गावाच्या रोजच्या जेवणातले लोणचे झाले आहेत. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तर मागवाल्यांनी स्वतःहून माग बंद ठेवून आपली व्यथा सांगितली होती. कित्येकांनी पुढे माग भंगारात घातले. ज्या जागी माग होते त्यांतल्या काही जागांचे भाडे आता मागांहून अधिक येते, कारण काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या बाजूला गोदामांचे साम्राज्य पसरले आहे. ज्या तरुणाने कांडी बदलावयास शिकावयाचे तो आता घरपोच जाणाऱ्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवितो.

मग कापूस स्वस्त व्हावा, अशी मागणी करावी काय? येथेच लेखणी अडखळते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयात शुल्क पुन्हा माफ झाले आणि ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढविली गेली, तेव्हा भिवंडी-इचलकरंजीत दिलासा वाटला असेल. परंतु त्याच वेळी यवतमाळ आणि अकोल्याच्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठला. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. तो हमीभाव मिळावयाचा तर खरेदी केंद्रापुढे रांग लावणे आले. महाराष्ट्राने १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली तेव्हा शेतकऱ्याला आणि ग्राहकाला दोघांनाही न्याय देण्याची भाषा झाली होती. त्या योजनेचे पुढे काय झाले तो निराळ्या लेखाचा विषय आहे. कापूस चढला की भिवंडी रडते आणि उतरला की विदर्भ रडतो. दोन्हीकडे रडणारा कष्टकरीच असतो आणि दोघांच्या मधल्या वाटेवर कोणीतरी हसत असतो, एवढे मात्र निश्चित.

आता मावशींचा हिशेब पाहू. एका मोठ्या वाकळेची शिलाई त्या सातशे रुपये घेतात. सुई-दोरा त्यांचाच. घरची कामे सांभाळून, डोळ्यांना पाणी येईपर्यंत बसून, सहा दिवस लागतात. दोऱ्याचा खर्च बाजूस ठेवला तरी दिवसाची मजुरी ११७ रुपयांहून कमी पडते. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी ठरलेला दर ३१२ रुपये होता. म्हणजे माती उचलण्याच्या मजुरीच्या निम्म्यालाही हे बारीक हातकाम पोहोचत नाही. 'मग शिलाई वाढवा ना', असे त्यांना म्हटले, तर त्या हसल्या. म्हणाल्या, "वाढवली तर गिऱ्हाईक पानिपतचं ब्लँकेट आणतंय की, मास्तर." हे उत्तर अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्राध्यापकाने वर्गात सांगावे असे आहे. त्यांच्या मजुरीची कमाल मर्यादा सरकार ठरवीत नाही, कामगार संघटना ठरवीत नाही, तर फुटपाथवरील ब्लँकेट ठरविते.

करांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा करात जे फेरबदल झाले त्यांत कृत्रिम धाग्याच्या शिवणदोऱ्यावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चांगले झाले. पण रिळाच्या किमतीत पडलेला तो फरक मावशींच्या हाती किती पडला असे विचारले, तर त्यांना करकपातीची वार्ताच ठाऊक नव्हती. दुकानदाराने ती त्यांना सांगितली नसावी, आणि सुट्या रिळांच्या व्यवहारात पावती मागण्याची रीत नाही. त्याच फेरबदलात शिवलेल्या रजईची सीमारेषा २,५०० रुपये धरली गेली. त्या किमतीपर्यंत ५ टक्के, वर १८ टक्के. याचा अर्थ रजई ही श्रीमंताची असू शकते हे कायद्याने मान्य केले. ओट्यावर शिवली जाणारी वाकळ मात्र कायद्याच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही, आणि एका परीने ते तिचे भाग्यच.

वाचकांपैकी बहुतेक जण शिक्षक, कारकून किंवा त्यांची मुले असतील. आपल्याला महागाई भत्ता आहे. निर्देशांक चढला की सहा महिन्यांनी का होईना, भत्ता चढतो आणि थकबाकीच्या चर्चेत आपण रंगून जातो. परंतु हा निर्देशांक म्हणजे काय? २०१२ हे पायाभूत वर्ष धरून केलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न व पेये यांना १०० पैकी ४५.८६ एवढा भार होता. कपडे आणि पादत्राणे यांना मिळून ६.५३. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी माणसाचा सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये आढळला आणि त्यातले जवळजवळ चाळीस टक्के अन्नावर गेले. आकडे आपल्या जागी ठीक आहेत. त्यांमागची घरातली घडामोड मात्र अशी की पोट थांबत नाही म्हणून अंथरूण थांबते. साडी पुढल्या दिवाळीला, चादर पुढल्या वर्षी, उशीचा अभ्रा 'अजून चालतो आहे'. खर्च पुढे ढकलला की तो नोंदीत दिसत नाही, आणि जे नोंदीत दिसत नाही त्याची भरपाई कोणताही भत्ता करीत नाही. भत्ता नसलेल्या मावशींची गोष्ट तर दूरच.

१९७२ च्या दुष्काळानंतरच्या महागाईत मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी यांनी स्वयंपाकघरातील लाटणे रस्त्यावर आणले. पक्ष वेगवेगळे, पण लाटणे एक. गोडेतेल, रवा, साखर, रॉकेल यांच्यासाठी झालेले ते मोर्चे ज्यांनी पाहिले त्यांच्या कानांत थाळ्यांचा आवाज अजून असेल. त्या मोर्चात लाटण्याऐवजी सुई कोणी आणली नाही, आणि हे साहजिकच होते, कारण त्या काळी माळ्यावर बोचके शिल्लक होते. सरकारलाही तेव्हा गरिबाच्या वस्त्राची आठवण होती. १९७६ साली हातमागावरील जनता कापडाची योजना आली. त्या जनता साड्या कशा होत्या यावर मतभेद असतील. त्या सुती होत्या आणि जुन्या होत असत, एवढे म्हणता येईल. अलीकडे राज्याच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणानुसार अंत्योदय कुटुंबाला वर्षाला एक साडी देण्याची योजना आली आहे. साडी यंत्रमागावरची असावी हाही हेतू त्यात आहे. तो हेतू स्तुत्यच म्हणावा. ती साडी निवडणाऱ्या अधिकाऱ्याने एक प्रश्न स्वतःला विचारावा: पाच वर्षांनी ही गोधडीत घालता येईल काय?

ही काही आपल्याच देशाची कहाणी नाही. १९३० च्या मंदीत अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या बायका पिठाच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या सुती पोत्यांचे झगे आणि रजया शिवीत. हे ध्यानी येताच कंपन्यांनी पोत्यांवर फुलाफुलांची छपाई सुरू केली. नवऱ्याने खाद्य आणावयास जाताना बायकोने पोत्याचा नमुना सांगून पाठवावा, असे दिवस होते. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन आले आणि युद्ध संपल्यावरही ते १९४९ पर्यंत टिकले. जुने सांधा, त्यातूनच नवे करा, हा तिथे सरकारी प्रचार होता. आणि अलाबामा राज्यातील जीझ बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या फाटक्या विजारी जोडून शिवलेल्या रजया २००२ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या कलासंग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या, तेव्हा समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. आमच्याकडेही हल्ली शहरी प्रदर्शनांतून गोधडी भिंतीवर चढली आहे. किंमत ऐकून मावशींनी कानांवर हात ठेवले. नव्या कोऱ्या कापडाचे मुद्दाम तुकडे करून ते पुन्हा जोडलेले पाहून तर त्यांना हसू आवरेना. 'चांगलं कापड फाडायचं कशाला?' हा त्यांचा प्रश्न. कलेच्या चाहत्यांवर माझा राग नाही. दोन बायकांना काम मिळत असेल तर मिळावे. पण भिंतीवरील गोधडीने थंडी जात नाही, आणि गाडगेबाबांच्या अंगावरील चिंध्यांची आठवण ठेवणाऱ्या महाराष्ट्राला हे सांगण्याची वेळ येऊ नये.

काही करता येण्याजोगे आहे काय? एक गोष्ट सुचते. १ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारने यंत्रमागांसाठीची 'पॉवरटेक्स इंडिया' योजना सुरू केली ती याच भिवंडीत. तीत सूत बँकेची कल्पना होती. लहान मागवाल्यांनी एकत्र येऊन सूत घाऊक घ्यावे, त्यासाठी बिनव्याजी भांडवल मिळावे, जेणेकरून मधल्या दलालीचा भार कमी व्हावा. कल्पना उत्तम. मागवाल्यांसाठी सूत बँक होऊ शकते तर वाकळ शिवणाऱ्या बायकांसाठी चिंधी बँक का होऊ नये? वस्तीवस्तीत बचत गट आहेत. दहा गटांनी मिळून शेडवाल्यांकडून सुती कातरण आणि तुकडे किलोच्या भावाने, पण टेम्पोवाल्याप्रमाणे एकदम उचलले, दोरा रिळांऐवजी पेटीने आणला, तर मावशींची पिशवी टेम्पोच्या रांगेत उभी राहू शकेल. जागा लागेल ती महानगरपालिकेच्या एखाद्या रिकाम्या शाळाखोलीत मिळू शकेल. यात क्रांती नाही. सातशे रुपयांतला दोऱ्याचा खर्च थोडा उतरेल, आणि सुती काय नि मिश्र काय हे हाताने ओळखणाऱ्या बायकांच्या ज्ञानाला काही किंमत येईल. काठीच्या टोकाला धागा जाळून तो वितळतो की राख होतो हे पाहण्याची परीक्षा त्या इतक्या सहज करतात की आमच्या प्रयोगशाळेतील मुलांना ती दाखवावीशी वाटते. मी दाखविलीही. सुताची राख बोटावर घेऊन एक मुलगा म्हणाला, "सर, माझा गणवेश वितळेल." वर्ग हसला. तो वर्ग सगळाच तसा होता.

लेख लिहिण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते खाजगी आहे. आमच्या मातोश्रींचे शेवटचे सुती नऊवारी ट्रंकेत पडून होते. ते घेऊन मावशींकडे गेलो. त्यांनी ते उलगडले, दोन्ही हातांनी ताणून उन्हाकडे धरून पाहिले, विरलेली जागा अंगठ्याने चाचपली आणि न मोजताच चार ठिकाणी चिमटा घेऊन घड्या पाडल्या. "तुमची उंची किती, मास्तर?" मी सांगितली. "पाय झाकतील," त्या म्हणाल्या, "पण पोटात घालायला काय आणलंय?" मी आणलेले सदरे त्यांनी एकेक करून परत पिशवीत टाकले. तीन धोतरे लागतील, सुती, जुनी, किनार असली तरी चालेल, असे त्यांनी सांगितले आहे. धोतर नेसणारे आमच्या शिक्षकखोलीत आता कोणी नाही. कचेरीतील एका लिपिकाने वडिलांच्या पेटीत दोन असावीत असे म्हटले आहे आणि येत्या रविवारी तो गावी जाणार आहे. तिसऱ्याचा शोध चालू आहे.